उपरण्याखालचा सौदा

शिरपुरात सकाळी सातला
इद्रिस खाटीक माझ्यासाठी बाजूला ठेवतो
बकऱ्याचा एक गाल.
“म्याडम, ह्याचं करता तरी काय?”
रोज विचारतो.
बर्फाच्या डब्यात गाल, डबा स्कूटीला.

चिंचोके भाजून, सोलून, दळून
उकळत्या पाण्यात ढवळायचे,
हे मला प्रयोगशाळेत कुणी शिकवलं नाही.
बाप घोंगडीला हीच खळ द्यायचा.
माझ्या कोपरापर्यंत वाळायची ती,
ओढली की लव घेऊन निघायची.
आता वहीत तिला पॉलिमर लिहिते.
काचेवर ओतते, वाळवते,
रुपयाएवढी चकती कापते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
आणि बकऱ्याच्या ओल्या गालावर
बोटाने दाबून धरते, तीस आकडे मोजत.

मग दोरा, दोऱ्याला पारडं,
पारड्यात थेंब थेंब पाणी.
किती भाराला सुटते?
एकोणीस ग्रॅम. तेवीस. परवा एकतीस.
लाळेने ती फुगते,
कातडीवरच्या ओलाव्यात हातपाय गुंतवून बसते
आणि पोटातलं औषध
घाई न करता सोडत राहते.

हिलालआप्पा धुळ्याला. किरणांची सव्विसावी पाळी.
बैलबाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस.
“तोंडमा इस्तो शे,” एवढंच म्हणाले मागच्या रविवारी,
नंतर तेही नाही.
शेजारी भरताची वांगी भाजायला लागली
की उठून ओट्यावर जातात.
चकती माझ्या डब्यात, त्यांना देता येत नाही.
समितीचा कागद यायचाय, मग उंदीर, मग ससे.
आप्पांचा नंबर कुठे, मलाही माहीत नाही.

म्हणून आज बिनऔषधाची एक
माझ्याच गालात लावली, एसटी सुटताना.
नरडाण्यापर्यंत जिभेने चाचपत होते.
सोनगीरला विसरले.

आप्पांनी ओळखलं, मी एका बाजूने बोलतेय.
आमच्या हातांवर उपरणं टाकलं
आणि आत माझी बोटं दाबून विचारलं:
किती तास?
मी त्यांची चार बोटं धरली.
त्यांनी मान हलवली. पाच, आणि वर तीन.
रात्रभर झोप लागेल एवढे.
मी पाचवर आले.
ते आठवरून हलेनात.
उपरण्याखाली हात घामेजले, तरी सोडले नाहीत.

परतीच्या गाडीत, सोनगीरच्या टोलनाक्यावर,
ती सुटली.
घड्याळ पाहून वहीत लिहिलं: चार तास वीस मिनिटं.
त्याखाली, आप्पांच्या बाजूने:
आठ.