टिंब

उर्मास म्हणतो, आधी शून्य कुठे आहे ते ठरवा.
यंत्राला हा ऍल्युमिनियमचा तुकडा दिसत नाही,
व्हाइस दिसत नाही, तुम्हीही दिसत नाही, क्लाव्दिया.
त्याला फक्त आकडे समजतात.

वय सव्वीस. माझ्या धाकट्याहून लहान.
माझी रशियन बोलताना टेबलाची बाई करतो,
नदीचा बाप्या. त्याच्या भाषेत लिंगच नाही, काय करील.
मी त्याची एस्टोनियन बोलते तेव्हा काय काय मोडतं
ते तो सांगत नाही.

नार्व्याच्या गिरणीत मी बावीस वर्षं कताईखात्यात होते.
सूत तुटलं की बोटांआधी कानाला कळायचं.
चालत्या चातीवर जोड द्यायचा,
अंगठा, तर्जनी, एक पीळ, पुरे.
इथे चालत्या यंत्रात हात घालायचा नाही.
दार लावा. काचेतून बघा.
दूध उतू जाताना खिडकीबाहेरून बघावं
तसे माझे हात.

कड शोधायची सळई गरगर फिरते,
डगमगते, मग हळूहळू एकसूत होते,
आणि तुकड्याला टेकली रे टेकली की
लाजल्यासारखी बाजूला सरकते.
तिथे थांबा. तिचा निम्मा व्यास वजा करा.
आता हा कोपरा म्हणजे शून्य.
माझ्या पन्नाशीत कुणी पहिल्यांदा विचारलं,
सुरुवात कुठून धरू?

चौकटीच्या वहीत मी मार्ग लिहिला.
कटरला जाडी असते हे विसरायचं नाही,
रेघेवरून नाही चालायचं,
रेघेच्या डावीकडून, त्रिज्येइतकं अंतर राखून,
कुंपणाच्या कडेने शेजारीण जाते तसं.

पहिली ओळ यंत्राने नाकारली. लाल दिवा.
मी शाळेत शिकले तसा स्वल्पविराम दिला होता:
चाळीस, स्वल्पविराम, शून्य.
त्याला टिंब हवं.
मग स्वल्पविराम खोडला आणि टिंब दिलंच नाही.
नुसते चाळीस.
यंत्र केसाच्या निम्म्याइतकं हललं आणि उभं राहिलं.
टिंब नसेल तर ते मायक्रॉन धरतं, उर्मास म्हणाला,
आणि हसू दाबलं. नीट दाबलं नाही.

मग हवेत कापून पाहिलं.
तुकड्याच्या पन्नास मिलीमीटर वर
कटर अख्खा चौकोन चालून आला,
काहीही न शिवता.
इथे प्रवेश मिळावा म्हणून
मीही न्हाणीघराच्या आरशापुढे असंच बोलून पाहिलं होतं.

गुरुवारी मोडला.
खाच झाल्यावर झेड वर उचलायचा राहिला
आणि लगेच जी शून्य शून्य, म्हणजे धाव.
तो आवाज मला ओळखीचा नव्हता.
सूत तुटतं तेव्हा काही तरी संपतं,
हे काही तरी फुटणं होतं.
उर्मासने किंमत सांगितली नाही.
कॅटलॉग टेबलावर उघडाच होता. मी वाचली.
तुकडा कोटाच्या खिशात टाकला, अजून तिथेच आहे,
किल्ल्या काढताना टोचतो.

आज चार भोकांची चकती निघाली.
कूलंटने ओली, कडेला बारीक धार.
मायक्रोमीटरवर दोन शतांश जास्त.
चालेल, तो म्हणाला. मी म्हणाले, नाही चालणार,
आणि फीड कमी करून शेवटचा फेरा पुन्हा लावला.
इतक्या दिवसांत यंत्राशी माझं सूत जुळलं म्हणाल तर तसं नाही.
पण दाराआडून आता आवाज कळतो:
हा कापतोय, हा नुसता घासतोय.

संध्याकाळी नदीपलीकडच्या बहिणीला लिहिलं,
बटाटे महागले, एक टिंब वीस.
तिचं उत्तर आलं:
हे काय गं, स्वल्पविराम कुठे गेला?
चकतीचा फोटो पाठवला.
बटण आहे का, तिने विचारलं. कुठल्या कोटाचं?