मधलं नाव

मारिविकचा पासपोर्ट आषाढात संपणार
हे कळलं तेव्हा रोहिदास जहाजावर,
कुठल्या समुद्रात, ते त्यालाही धड सांगता येईना.
फॉर्म भरायला मग आम्ही दोघी,
कोरगांवच्या ओसरीवर,
मधे ओल्या काजूंचं ताट.

पहिलं नाव सोपं.
मधल्या रकान्यात तिनं लिहिलं : बाकानी.
म्हटलं, हे तुझ्या बापाचं?
‘नाही. आईचं. आईच्या माहेरचं.’
त्यांच्याकडे म्हणे सगळ्यांच्याच नावात,
पोरगा असो पोरगी असो,
आईचं माहेर मधे बसलेलं असतं.
मी चष्मा पुसून परत वाचलं.

आता लग्न झालंय. शेटगांवकर लावायचं
तर बापाचं आडनाव मधे सरकतं
आणि बाकानी बाहेर.
तीनच खुर्च्या, ती म्हणाली,
आणि मग तिच्या त्या मोजून टाकलेल्या मराठीत :
‘आईला उठवू का, आई?’

माझं नाव एका सकाळी ताटातल्या तांदळात बदललं.
त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला,
मीच वाढला.
चांगला मोकळा झाला होता.

हे तिला सांगितलं नाही.
म्हटलं, राहू दे. बसू दे त्यांना.

वाड्यावरच्या बायकांनी विचारलं,
अजून आपलं आडनाव नाही लावलं?
सांगितलं, सरकारी काम, वेळ लागतो.

दिल्लीला ती एकटी गेली, थिवीहून गाडीनं,
पोह्यांचा डबा आणि कागदांची फाईल घेऊन.
तिसऱ्या दिवशी भर दुपारी फोन :
‘आई, मशीन माझी बोटं घेत नाही.’
घेणार कसं? महिनाभर माझ्याशेजारी बसून
काजू सोलले तिनं. चिकानं कातडी गेली,
कातडीबरोबर रेषा.
माझ्या तर कधीच गेल्यात.
आधारच्या वेळी तो पोरगा कंटाळून म्हणाला होता,
आजी, तुम्ही आहात तरी का?
तिला म्हटलं, खोबरेल चोळ आणि थांब.
चौथ्या खेपेला एक अंगठा लागला,
मग बाकीची बोटं त्याच्या ओळखीनं.

दीड महिन्यानं पाकीट आलं.
कुरियरवाल्यानं पत्ता वाचलाच नाही,
तारवट्याची सून कुठं राहते, विचारत दारात.

नवा पासपोर्ट कोरा, कडक, गोंदाचा वास.
जुन्याला त्यांनी भोकं पाडलेली.
मेला म्हणे तो.
पण आमच्याकडे राहायचा शिक्का
त्या मेलेल्यातच जिवंत,
म्हणून दोन्ही जवळ ठेवायचे.
एकट्या नव्याला इथं कोणी ओळखत नाही,
एकट्या जुन्याला कुठेच.
अबोलीचे वळेसर ओवते तो केळीचा दोर घेतला,
पाण्यात भिजवला,
दोघांना एकत्र बांधलं.

पणजीच्या कचेरीत साहेबाला गाठ सुटेना.
ओली मारलेली गाठ सुकल्यावर आवळते, त्याला काय ठाऊक.
नखानं बघितलं, पेनाच्या टोकानं बघितलं,
मग दोन्ही पुस्तकं माझ्यापुढे सरकवली :
‘तुमचीच ना? तुम्हीच सोडा.’

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी,
मांडीवर फाईल, व्हिसाच्या फोटोसाठी काढलेली टिकली
अजून माझ्या मनगटावर चिकटलेली.
म्हापसा गेल्यावर म्हणाली,
‘आई, तुमचं बाकानी काय?’
हळर्णकर, मी लगेच म्हटलं.
मामाचं घर, विहिरीजवळचा फणस, सगळं सांगितलं.
‘आणि तुमच्या आईचं?’

कोलवाळचा पूल आला, गेला.
पेडण्याच्या स्टँडवर उतरलो
तरी मी आठवतच होते.