तिथीची पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं हाच हिशेब:
होड्या कधी लागणार, किती लाद्या फोडायच्या.
आता घरी बसलो. आता हिशेब एका कुत्रीचा.

कुत्री केवढी? माशाच्या काट्यावर साडेतीन किलो,
त्यातही केसच निम्मे.
मागचे दोन्ही पाय जन्मापासून आत वळलेले,
घाईत मिटलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे.
कुठल्याशा गाडीतून आली, गाडी गेली, ती राहिली.
तिरपी चालायची, ढुंगण घासत, वाळूत रेघ ओढत.
हर्णैच्या लिलावातल्या बायकांनी नाव ठेवलं, चिंबोरी.

दर शुक्रवारी दापोलीहून डॉक्टर शमा मुकादम येतात,
येताना डिकीत औषधं, जाताना सुरमई.
त्यांनी गुडघा चाचपला, डोळे मिटून, बराच वेळ.
म्हणाल्या, वाटी जागेवर राहत नाही, खाचच उथळ आहे.
ऑपरेशन मुंबईला होईल, पण इतक्या पातळ हाडांवर
करा, असं मी तरी सांगणार नाही.
मग म्हणाल्या, हात द्या इकडे. "मांडी अशी धरा,
मोदकाची पारी धरतात तशी. आता सायकल फिरवा.
दहा वेळा. दुखलं तर ती सांगेल."
तिनं सांगितलं.
माझ्या अंगठ्यावर अजून दोन दातांची खूण आहे.

हिरावतीनं जुन्या जाळ्याची झोळी शिवली,
आतून फ्लॅनेल, पोटाला काचू नये म्हणून.
झोळीत मागचं अंग, दोरी माझ्या मुठीत,
असे आम्ही दोघं खडपावर जायचो.
तिथं एक डबकं आहे, ओहोटीला मागे राहणारं,
उन्हानं कोमट, कोपरभर खोल.
अष्टमीला ते दहाला उघडं पडतं, नवमीला पावणेअकरा,
दशमीला साडेअकरा.
घरात जेवणाची वेळ अशी काही उरली नाही.

पोटाखाली माझा तळवा. पाय नुसते लोंबायचे, शेवाळासारखे.
अकराव्या दिवशी डावा हलला.
उजव्यानं आणखी तीन दिवस विचार केला.
वरून खलाशी ओरडायचे, "काका, बैलाला शिकवा पोहायला,
निदान गाडी तरी ओढेल!"

कारखान्याच्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेलो:
उभी राहिली, चार मोजेपर्यंत.
सहा.
पाच, ट्रॉलरचा भोंगा झाला, दचकली.
नऊ.
आज नाही. ताप. मला.

एक गोष्ट लिहिली नाही.
मला पाय सरळ हवे होते.
लादी कशी असते, चारही कडा नीट.
रात्री ती झोपली की मी हळूच ते सरळ करून धरायचो.
सोडले की परत आत.
शेवटी डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, ओरडतील.
त्या सुरमई पिशवीत भरत होत्या.
"हाडाला शिकवू नका काका," म्हणाल्या, "मांसाला शिकवा."

मग ती संध्याकाळ. लिलाव ऐन रंगात,
बैलगाड्या पाण्यातून टोपल्या आणत होत्या,
एका टोपलीतून बोंबील घसरला
आणि मुठीतली दोरी हलकी झाली.
गाठ सुटली, असं वाटलं.
बघतो तर ती आठ हात पुढं, तितकीच तिरपी,
पण ढुंगण वर!
ओल्या वाळूत रेघ नव्हती. पावलं होती, चार-चार,
त्यांतली दोन आत वळलेली.
हिरावती बोली लावताना साडेचारशेवर थांबली, नुसती बघत राहिली,
तेवढ्यात व्यापाऱ्यानं टोपली उचलली.
पन्नास रुपये तुझ्या कुत्रीनं खाल्ले, असं ती अजून ऐकवते.

शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, किती पावलं?
मी पावतीपुस्तक उघडलं.
त्या पानावर फक्त सकाळी लिहिलेलं होतं:
पंचमी. भरती पावणेचार.
आणि कोपऱ्यात बोंबलाचा एक तेलकट डाग,
तो कसा आला, मला आठवत नाही.