पुढचा हिवाळा

फेब्रुवारीत, आमच्याकडे घडांत साखर उतरते
आणि दुपारी पंखा तीनवर जातो,
तेव्हा तिकडे पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवतात.
मला हे एक ऋतू पुढे असणं फार आवडतं.
दिंडोरीचे मामा ऑक्टोबरात छाटणी करताना
कात्रीच्या टोकाशी फेब्रुवारी बघतात,
तसंच काहीसं.

मी अंबडला, स्विच जोडायच्या लाइनवर.
आकाशी एप्रन, जाळीची टोपी, पोलादी टोपणाचे बूट.
गेटवर पाटी: बांगडी नको, कानातलं नको, ओढणी नको,
मंगळसूत्र असल्यास आत खोचा.
मोज्यांबद्दल पाटीला काही सुचलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डब्याला टेकवून
मी रॅम्प बघते, आवाज बंद करून.
विम्याच्या एजंटने दिलेल्या डायरीत
तारखांवर काढत जाते कॉलर, काज, चुण्या.

सगळ्यांत लाडकं कलेक्शन तीन वर्षांपूर्वीचं:
शेवाळी लोकर, खांदे इतके रुंद
की दारातून तिरपं जावं लागेल,
आणि सगळ्या मुली अशा चालत होत्या
जणू गॅस चालू राहिलाय घरी.
त्यानंतरचं उन्हाळ्याचं नाही पटलं. नुसती जाळी.
जाळी मी आठ तास डोक्यावर घालते.

पण त्यातली एक पर्स, एक वेलदोडा मावेल एवढीच,
आणि एका कानात झुंबर,
दुसरा कान मोकळा, ऐकण्यासाठी.
सराफ बाजारात मी तसंच एक मागितलं.
मैंदकाका म्हणाले, दुसरं हरवलं का?
म्हटलं, नाही, पहिलंच हवंय.
काकांनी वजन एकाचं केलं,
मजुरी जोडीची लावली.

कोटासाठी देवळाली कॅम्पातून आणलं
जुनं लष्करी कांबळं, जवळजवळ शेवाळी.
भद्रकालीत जब्बार मास्तरांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला,
चष्मा कपाळावर ढकलला.
यात बाई कुठाय, बेटा?
मी म्हटलं, मी आहे ना.
मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग टेप काढली.
खांद्यांत भरायला गादीवाल्याकडचा कापूस लागला.

मग एक वर्ष थंडीच पडली नाही.

यंदा जानेवारीत निफाडला पारा पाचावर आला.
बागांतून शेकोट्यांचा धूर, पावणेसहाचा अंधार,
इंदिरानगरच्या थांब्यावर मी आणि कोट.
कंपनीच्या बसचं दार उघडलं
आणि मला खरंच तिरपं चढावं लागलं.
ड्रायव्हर म्हणाला, सामान मागे ठेवा.
कुणी हसलं, कुणी बाही चाचपली.
मीनल खैरनार म्हणाली, कितीला?
मी त्या दिवशी गॅस चालू राहिल्यासारखी चालले
बसपासून गेटपर्यंत. एकशे दहा पावलं.

गेटच्या आत कोट लॉकरमध्ये.
दार लागेना. एक बाही बाहेर राहिली,
हात केल्यासारखी.

सुट्टीत आले तर कँटीनच्या हौसाबाई
त्या बाहीचा हात धरून उभ्या.
घालू का, म्हणाल्या. घालू नको म्हणालीस तरी घालणार.
लॉकर एकपासून साठपर्यंत त्या चालत गेल्या,
नऊवारीवर माझा हिवाळा,
वळल्या, क्षणभर थांबल्या, परत आल्या.
चेहऱ्यावर रेघ हलली नाही.
रॅम्पवर हसायचं नसतं हे त्यांना सांगितलं कुणी?
गुडघा धरलाय गं, म्हणाल्या.
कोट काढायला मात्र खूप वेळ घेतला.

आता पंखा पुन्हा तीनवर.
कोट कपाटात, कडुनिंबाच्या पाल्यात.
पाच दिवस वापरला. शिलाई बाराशे.
हिशेब करून बघितला, मग पान उलटलं.

हौसाबाई चहा ओतताना विचारतात,
पुढच्या थंडीला काय निघालंय?
मी इकडेतिकडे बघते, पॅन्ट दोन बोटं वर करते.
पोलादी बुटाच्या वर कड दिसते:
जांभळ्याचा वरचा, अजून पिकायचा असलेला रंग.