चिमटा

घणसोलीला जिन्याखालच्या दहा बाय आठमध्ये
माझं पार्लर आहे. एकोणीस वर्षं
बायकांच्या भुवया करते.
आमच्या धंद्यात दया म्हणजे वेग.
कातडी ताणायची, केस धरायचा,
आणि बाईला कळायच्या आत
गेला.
ती डोळे पुसते, मी आरसा धरते.

म्हणून खारीच्या कानात पहिली गोचीड दिसली
तेव्हा वाटलं, हे तर माझ्याच हातचं काम.
तोच चिमटा. तोच झटका.
अर्धी हातात आली, तोंड आत राहिलं.
आठवड्यात तिथे वाटाण्याएवढी गाठ,
आणि रात्रभर कान आपटत खारी
मोरीपासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून मोरीपर्यंत.

सासूबाई म्हणाल्या, रॉकेल ओत.
वरचा भूपेश म्हणाला, उदबत्ती टेकवा, आपोआप सोडते.
बेबीताई म्हात्रे तंबाखूचं पाणी घेऊनच आल्या,
बिस्लेरीच्या बाटलीत, चहासारखं दिसणारं.
कोपरखैरण्याच्या डॉक्टर सोनटक्क्यांनी
सगळ्यांना एकदम खोडून काढलं.
"घाबरली की पोटातलं सगळं आत ओकते, ताई.
घाबरवायचं नाही."
मी विचारलं, कुणाला? खारीला?
"दोघींना," म्हणाले,
आणि पुढच्या मांजराला हाक मारली.

आता मंगळवारी, पार्लर बंद असतं तेव्हा,
खुर्चीशेजारी जुनी चादर टाकते.
फेशियलचा भिंगाचा दिवा ओढून घेते.
हातमोजे. स्पिरिटची बाटली, बूच काढून.
खारी येते आणि न सांगता आडवी होते,
अपॉइंटमेंट असल्यासारखी.

बोटं केसांच्या उलट्या दिशेने.
कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत,
पंजाच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी,
जिथे ऊब आहे
आणि जिथे तिची जीभ पोचत नाही.

सापडली. एरंडीएवढी, राखाडी, टम्म.
पोटाला धरायचं नाही, फुटते.
अगदी कातडीला टेकून,
जिथे गोचीड संपते आणि कुत्री सुरू होते
तिथे चिमटा लावायचा.
पिळायचं नाही.
सरळ वर. हळू.
इतकं हळू, की बाहेर रिक्षावाला
सुट्ट्या पैशांवरून भांडून निघून जातो
आणि मी अजून ओढतेच आहे.
कातडी तंबूसारखी उचलली जाते.
थांबते.
मग आत कुठेतरी एक मूठ सुटते.

तोंडासकट आली. पाय हलवत.
बाटलीत टाकते. नखाखाली चिरडत नाही.
मनात फार असतं, तरी नाही.

मागच्या मंगळवारी पोटावर एक लागली.
लहान, घट्ट, काळपट.
चिमटा टेकवला, आणि खारीनं मान उचलून
माझ्याकडे नुसतं पाहिलं.
दिवा खाली ओढला.
आचळ होतं.
ऑपरेशन झालेल्या, एकही पिल्लू न पाजलेल्या कुत्रीचं
उजवीकडचं शेवटचं आचळ.

चिमटा बाजूला ठेवला.
चहा केला, तो निवला,
तरी हात थांबेना.
ती चावली नाही. गुरगुरलीसुद्धा नाही.
तशीच पडून राहिली, पोट उघडं टाकून,
मी परत येईन या हिशोबाने.

साबणाने हात धुतले. कॅलेंडरवर लिहिलं:
कान दोन, बेचका एक.
आता पंधरा दिवस हिरड्या बघायच्या,
लाल आहेत ना. खाते ना. अंग तापत नाही ना.

बुधवारी पहिलीच यामिनी घरत,
शनिवारी तिची हळद.
डोळे मिटून म्हणाली,
"ताई, आज किती हळू ओढताय! जास्त दुखतंय."
सॉरी म्हटलं. श्वास घेतला.
झटका.

दाराबाहेर, सिडकोच्या गंजक्या पाटीमागे,
कमरेएवढ्या गवतात
एक तपकिरी शेपूट
आत आत जात होती.