एक अक्षर, एक स्पेस

लेइदा निवृत्त झाली, तिचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला.
तार्तूची लायब्ररी, तळघरातली खोली,
जिथे हीटर आधी खोकतो, मग तापतो.

ब्राउझरमध्ये तिने पेरून ठेवलेली अक्षरं.
के टाइप करायचा, एक स्पेस, पुढे पुस्तकाचं नाव,
की थेट कॅटलॉग. ना ओसरी, ना उंबरठा.
आय म्हणजे हवामान. बी म्हणजे बस,
गाव सांगितलं की पुरे.
सेटिंग्ज उघडल्या तर
लांबलचक पत्ते, आणि प्रत्येकात मधेच एक भोक,
आपला शब्द बसेल एवढं.

"दिवसाला अकरा मिनिटं वाचतात," ती म्हणायची.
मोजली होती तिने.
त्यांचं करते काय, हे विचारायचं राहिलं.

एकच अक्षर उलगडेना:
ओ, डोक्यावर लाट असलेला.
नुसता दाबला तर पान म्हणे, काही सापडलं नाही.

मग आठवलं. शेवटच्या दिवशी, दारातून,
ती काहीतरी बोलली होती
दक्षिणेकडच्या तिच्या बोलीत,
आणि मी न कळताच हो म्हटलं होतं.
ऐकू आला तसा लिहिला तो शब्द.
लाट, स्पेस, शब्द, एंटर.

बोलीचा कोश उघडला.
तिच्या आईची भाषा,
रोज अकरा मिनिटं.

अर्थ दिला होता: सावकाश,
निजलेलं मूल उठू नये इतकं.

बाहेर बर्फ पडत होता असं लिहिलं असतं,
पण तळघराला खिडकी नाही.
हीटर खोकला.
मी पुढचं पुस्तक ओढलं. के, स्पेस,
आणि जरा थांबून,
नाव.