रकाना सातवा

मासेरूहून निघालो तेव्हा पिशवीत कोरे अर्ज होते,
दोन पेनं, आणि साहेबांचा हुकूम:
एकही रकाना रिकामा नको.
प्रश्न सातवा — चांगल्या शिक्षकाचे गुण कोणते?
महत्त्वाचा गुण आधी लिहावा.

मोखोटलाँगच्या वर, जीप जिथे हात टेकते
आणि पुढचं तट्टू सांभाळतं,
तिथे मेंढरं कोंडून झाल्यावर शाळा भरते.
अकरा गुराखी. अकरा घोंगड्या. दाराशी काठ्यांचा भारा.
कुत्री मी मोजली नाहीत.

प्रश्न वाचून दाखवला. कुणी हूं की चूं करेना.
मालिएहोबाई उठल्या, शाल ओढली,
"माझ्या तोंडावर कसं सांगतील," म्हणाल्या
आणि बाहेर बर्फात जाऊन उभ्या राहिल्या.

मग सेआबाटा म्हणाला,
शेणी पेटवायची पाळी त्यांचीही असते.
हे गुणात कसं बसवू, मी विचारलं.
तो म्हणाला, लिहिता तुम्हाला येतं ना?

मोकेटे म्हणाला, मी रोज झोपतो,
पहाटेपासून डोंगरावर असतो मी.
उठवत नाहीत. जागा झालो की पुन्हा पहिल्यापासून सांगतात.
बाकीचे वैतागतात.
(बाकीचे वैतागलेले होतेच.)

एकदा फळ्यावर त्यांचा भागाकार चुकला.
पोलाओने बोट दाखवलं, आणि रात्रभर
पाठीवर वळ उठायची वाट बघत पडला.
दुसऱ्या दिवशी चूक तशीच फळ्यावर,
खाली खडूने: ही पोलाओने पकडली.
महिनाभर कुणाला पुसू दिली नाही, तो म्हणाला,
पोलाओने पण नाही.

चांगल्या नाहीत त्या, कोपानो मध्येच बोलला,
ओरडतात.
मी तीन दिवस आलो नाही तर
वरच्या चराईपर्यंत आल्या, घोड्यावर बसून,
मला ओरडायला.
एवढ्या वर! नुसतं ओरडायला!
आणि मान खाली घालून घोंगडीची दशी ओढत बसला.

सगळ्यात धाकट्याला विचारलं, तो बोललाच नाही.
माझं पेन घेतलं,
कोलीत धरावं तसं मुठीत धरलं
आणि सातव्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.
एक अक्षर उलटं. शेवटचं चौकटीबाहेर.
झालं, म्हणाला.

बाई आत आल्या. भुवयांवर बर्फ.
काय सांगितलं पोरांनी, हे विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच: उताराला कंदील हवा का?
कंदील एकच होता, आणि त्याच्याखाली अकरा पाट्या.
नको म्हटलं.
तट्टवाला वाट पाठ होती.

मासेरूत साहेबांनी अर्ज चाळले,
एका कागदावर थांबले. हे काय?
उत्तर, मी म्हणालो.
त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला,
मग माझ्याकडे.
शिक्का मारला.